उजव्या हातावरची पावलं

दार उघडलं तेव्हा कावेरी उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून उभी होती. पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी, चेहरा मुद्दाम गंभीर केलेला. दर सुट्टीला ती हेच करायची. मी कडी काढली की खाडकन सलाम ठोकायची आणि म्हणायची, "जयहिंद मातोश्री, जवान हजर आहे." मग मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्या दिवशी तिचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. कोपर वर जाईना. तिनं ओठ घट्ट मिटले, हात खाली घेतला आणि नुसतीच म्हणाली, "आले गं."

मी काय झालं म्हणून विचारलं. रेल्वेत दोन दिवस एका कुशीवर झोपले, हात अवघडलाय, असं ती म्हणाली. आसामातून नांदेडपर्यंतचा प्रवास, पुढं हदगावची एसटी. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

संध्याकाळी तिला न्हाऊ घालायला बसवलं. नोकरीला लागल्यापासून तिचे केस कानाच्या पाळीपर्यंतच होते, पण सुट्टीत आल्यावर डोक्याला तेल मीच लावायचं आणि पाणी मीच ओतायचं, हा आमचा ठरलेला लाड होता. पाठ चोळताना मी तिचा उजवा हात धरून वर केला आणि माझी बोटं काखेत गेली. तिथं एक गाठ होती. मोठ्या बोराएवढी. दाबली तर जागची हलली.

"कधीपासून आहे ही?"

"झाले असतील दोन-तीन महिने. दुखत नाही गं. हात पूर्ण वर नेला की ओढल्यासारखं होतं, एवढंच."

"दाखवलीस कुणाला?"

"सुट्टी मंजूर झालेली होती. तिथं दाखवली असती तर ॲडमिट करून ठेवलं असतं. म्हटलं, घरी जाऊन आईच्या हातचं खाऊ आणि मग काय ते बघू. आई, पाणी ओत ना. साबण डोळ्यात चाललाय."

मला पाणी ओतायचं सुचेना. तांब्या हातात तसाच राहिला. उजवी काख. उजवाच हात. मनात एकच आलं, की आली. घ्यायला आली.

हे का आलं ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

कावेरी पाच वर्षांची असताना तिला ताप चढला आणि झटके यायला लागले. हदगावच्या डॉक्टरांनी नांदेडला पाठवलं. नांदेडच्यांनी तिसऱ्या दिवशी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की आमचे प्रयत्न चालू आहेत, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. हे एसटीत ड्रायव्हर. घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी सुखरूप खाली आणलेला माणूस, पण त्या वेळी जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. मी तशीच उभी राहिले आणि माहूरच्या दिशेला तोंड करून रेणुकामातेला बोलले. पोर उठली तर ती तुझी. तुझी पावलं तिच्या हातावर गोंदीन, म्हणजे कुणीही बघितलं तरी कळेल की ही देवीची आहे.

पोर उठली. महिन्याभरातच तिला कडेवर घेऊन मी गड चढले. पायऱ्यांच्या कडेला एक म्हातारी गोंदायला बसायची. पुढ्यात वाटीत कालवलेली काजळी, आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया. तिनं विचारलं, "कोणता हात, माय? लेकींचा डावा घेतात बहुतेक."

मी म्हटलं, "उजवा. देवाला डावं कुणी देतं का?"

कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, तिनं दोन इवली पावलं गोंदली. कावेरी किंचाळून रडली, आणि नंतर पेढा खाता खाता आपला हात सगळ्यांना दाखवत गड उतरली.

त्या उजव्या हातानं पुढं चौदा वर्षांनी घात केला.

कावेरीला भरतीचं वेड लागलं होतं. पहाटे उठून भोकरच्या रस्त्यानं पळायची. पळण्यात पास झाली, पेपरात पास झाली. मेडिकल राहिलं होतं. तेव्हा तिच्या अकॅडमीच्या सरांनी तिची बाही वर केली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, देवाधर्माचं गोंदण डाव्या हातावर असतं तर चाललं असतं. सलामाच्या हातावर चालत नाही. हिला मेडिकलला बाहेर काढतील.

ती घरी आली आणि चुलीशी माझ्याजवळ बसली. चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "आई, नांदेडला लेसरनं काढून देतात. सगळं पुसून जातं. मेडिकलला अजून वेळ आहे, तेवढ्यात होईल. पण हे तू दिलेलं आहेस. तू हो म्हटलंस तरच काढीन. नाही म्हटलंस तर शिवणाच्या क्लासला जाते. तुझ्यावर राग धरणार नाही."

राग धरणार नाही म्हणाली, हेच अवघड झालं. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवसात दिलेलं आपण परत मागितलं, तर जिला दिलं तीही तिनं दिलेलं परत मागेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि तिनं काय दिलं होतं, ते समोर बसून भाकरी खात होतं.

पाचव्या दिवशी मी हो म्हटलं.

नांदेडच्या काबरा मॅडमकडं आम्ही गेलो. बारीक चणीची, पटापटा बोलणारी बाई. तिनं कावेरीचा हात दिव्याखाली धरला, गोंदणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काजळीचं आहे. बरं आहे. जुनं, हातानं गोंदलेलं लवकर निघतं. हिरवा-पिवळा रंग असता तर रडवलं असतं त्यानं."

मी विचारलं, कातडी सोलणार का. ती हसली नाही, ह्याचं मला बरं वाटलं. तिनं मला नीट समजावून सांगितलं. हा नुसता उजेड आहे, मावशी. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी कमी वेळ पडणारा. तो कातडीतून आरपार जातो, कातडीला काही करत नाही. शाईचा कण मात्र तो उजेड पिऊन घेतो, आणि त्या तडाख्यानं कण फुटतो. मोठे कण शरीराला उचलता येत नाहीत, म्हणून तर गोंदण जन्मभर राहतं. बारीक भुगा झाला की शरीरातले झाडूवाले येतात आणि थोडा थोडा उचलून नेतात. म्हणून घाई करून उपयोग नाही. एकदा मारायचं, दीड-दोन महिने थांबायचं, मग पुन्हा. मी फक्त फोडते, साफसफाई तिचं अंगच करतं.

आम्हा दोघींच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवले. खोलीत गार हवेची नळी सूं सूं करत होती. मॅडमनं पेनासारखी दांडी पावलांवर धरली आणि टक् टक् टक् असा आवाज सुरू झाला. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. केस जळाल्याचा वास आला. कावेरीनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. मला चष्म्यातून नीट दिसत नव्हतं, पण एवढं दिसलं की जिथं जिथं उजेड पडला तिथं काळं जाऊन पांढरं फुगून येत होतं, लाही फुटल्यासारखं. बघता बघता दोन्ही पावलं पांढरी झाली. देवीनं भस्म फासून घ्यावं तशी.

आवाज थांबल्यावर मी विचारलं, "मॅडम, अंग उचलून नेतं म्हणालात. पण नेतं कुठं?"

ती मलमाची पट्टी फाडत होती. तेवढ्यात दारातून कुणीतरी हाक मारली, दुसऱ्या पेशंटला चक्कर आली म्हणून. ती उठून गेली. कावेरी म्हणाली, "आई, पुरे आता. कुठंही जाऊ दे. गेलं म्हणजे झालं." मग नर्सनं येऊन पट्टी बांधली. फोड आला तर फोडायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही, खाजवायचं नाही, असं सांगून पाठवलं.

माझा प्रश्न तिथंच राहिला. पुढच्या खेपांना विचारायचा धीर झाला नाही.

चार खेपांत हात कोरा झाला. उन्हात धरला तर किंचित उजळ कातडी दिसायची, बाकी काही नाही. कावेरी भरती झाली. ज्या दिवशी ती ट्रेनिंगला गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एकटी माहूरला गेले. देवीशी जे बोलायचं ते बोलले, जे करायचं ते केलं. तिथंच पायरीवर नेम धरला की त्या पावलांचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. माझे आधीचे नेम चालूच होते. सकाळी देवीच्या टाकाला कुंकू वाहिल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. मंगळवार-शुक्रवार उपास, आणि परडी घेऊन पाच घरी जोगवा. त्यात ही एक भर. त्याच उन्हाळ्यापासून मी मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घ्यायला लागले. बाया म्हणायच्या, पद्मीनबाई, आमच्या अंगाची लाही होतेय आणि तुम्हाला थंडी वाजते का. मी म्हणायची, ऊन सोसत नाही.

पाच वर्षं काही झालं नाही. मला वाटलं, देवीनं ऐकलं.

आणि आता उजव्या काखेत गाठ.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नांदेडला गेलो. येवतीकर डॉक्टर सर्जन, पोक्त माणूस, हळू बोलणारा. त्यांनी सोनोग्राफी करवली, सुई घालून पाणी तपासलं. त्या तपासणीत धड काही कळेना. कावेरीला सगळं विचारलं. ताप येतो का, वजन उतरलं का, घरात टीबी कुणाला होता का, पूर्वी कधी ऑपरेशन झालंय का. ती सगळ्याला नाही म्हणाली. तिचा कोरा हात टेबलावर होता. डॉक्टरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, दंडावर, पाठीवर काही जखम आहे का बघितली, आणि सोडून दिला.

मी शेजारी बसले होते. माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि तिचा डॉक्टरांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. तो माझा आणि देवीचा मामला होता.

गाठ काढूनच तपासावी लागेल, असं ठरलं. साधी असेल, टीबीची असेल, किंवा मग. डॉक्टर 'किंवा मग'च्या पुढं बोलले नाहीत. ह्यांनीही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आधी मंगळवार आला. परडी घेऊन मी जोगव्याला निघाले तर कावेरी म्हणाली, आज राहू दे, रात्रभर झोपली नाहीस. मी ऐकलं नाही. चौथं घर मथुरामायचं. तिनं परडीत पीठ घातलं, लेकीची चौकशी केली आणि सहज म्हणून गेली, "बघ बाई, देवीचं काही देणं राहिलं असेल. ती विसरत नसते. आपण विसरतो."

तिला काही ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. बोलायची रीत म्हणून ती बोलली. पण पाचवं घर कोणतं घेतलं ते मला आजही आठवत नाही. घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसले आणि तोंडातून आरतीचा शब्द फुटेना. मी नुसती टाकाकडं बघत राहिले. मी दिलं होतं ना, असं मनात म्हणत राहिले. तिच्या जागी दिलं होतं ना. मग कमी कुठं पडलं?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कावेरीला हिरवा झगा घातला. तिनं तशातही माझी थट्टा केली. म्हणाली, "आई, मी बॉर्डरवर उभी असते तेव्हा तू जेवतेस ना नीट? मग एका बोराएवढ्या गाठीला काय घाबरतेस?" आणि स्ट्रेचरवर पडल्या पडल्या डाव्या हातानं सलाम केला. "डाव्यानं चालत नाही, पण आज सवलत."

दार बंद झालं. ह्यांना कुठलीशी औषधं आणायला खाली पाठवलं. मी बाकावर एकटी होते. समोर एक घड्याळ होतं, मी त्याच्याकडं पाठ करून बसले. ओठांत जप चालू होता, पण मणी पुढं सरकत होते आणि नाव मागं राहत होतं.

जेवढा वेळ सांगितला होता तेवढा झालाच नसेल, की दार उघडलं. येवतीकर डॉक्टर स्वतः बाहेर आले. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली, हातमोजे काढलेले. पोर आत आणि डॉक्टर बाहेर. मी उठले.

"घाबरू नका, ती ठीक आहे. भुलीत आहे," ते म्हणाले. "गाठ निघाली. पण मावशी, ती काळी आहे. आतून-बाहेरून कोळशासारखी. मी मुद्दाम विचारायला आलो. तिच्या अंगावर कुठं काळा तीळ होता? वाढणारा? कधी कुणी काढला, जाळला?"

मी मान हलवली.

"पायाच्या तळव्याला? नखाखाली?"

"नाही."

ते माझ्याजवळ सरकले. मग आवाज आणखी खाली आणून बोलले. काळी गाठ एका वाईट आजारात मिळते. तो तिळापासून सुरू होतो आणि गाठींमध्ये पसरतो. तसं असेल तर शेजारच्या गाठीही काढलेल्या बऱ्या, आणि ती भुलीत आहे तोवर ते होऊ शकतं. पण एकदा सगळ्या काढल्या की हात जन्मभर सुजतो. जड होतो. वजन पेलत नाही.

"बंदूक?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मला नक्की कळत नाहीये, म्हणून विचारतोय. गोंदण असलं तरी कधी कधी गाठ काळी होते. पण तिचा हात तर स्वच्छ आहे. मी पाहिलाय."

पाच वर्षांचा नेम. देवीच्या पायरीवर धरलेला. आत माझी लेक तिच्या हातात, आणि अशा घडीला मी नेम मोडायचा? मी बोलले आणि तिनं रागानं मूठ मिटली तर? डॉक्टर वाट बघत होते. आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते वळले.

मी माझी उजवी बाही धरली आणि कोपरापर्यंत वर सारली.

ते थांबले. पुढं आले. माझ्या हातावर, कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, दोन इवली पावलं होती. काळी कुळकुळीत. पाच वर्षांत त्यांना उन्हाचा कण लागला नव्हता.

"हे तुमचं?"

"नाही," मी म्हटलं. "तिचं."

त्यांना कळलं नाही. मग माझं तोंड उघडलं. तिच्या हातावर होतं, अगदी इथंच. नवसाचं. नोकरीसाठी लेसरनं काढलं. देवीची निशाणी रिकामी राहू नये म्हणून मी माझ्या हातावर घेतलं. तेवढंच, त्याच जागी. तिला ठाऊक नाही. हे सगळं मी एका दमात बोलले. मी एवढं कुणापुढं बोलत नाही.

डॉक्टरांनी पावलांवर बोट टेकवलं. पुसून बघावं तसं. "उजवाच हात? आणि लेसर? मावशी, मी परवा एवढं विचारलं."

"तुम्ही ऑपरेशन झालंय का म्हणून विचारलंत. ते ऑपरेशन नव्हतं."

माझी बाही त्यांनी स्वतःच खाली ओढून दिली, बहिणीची द्यावी तशी, आणि आत गेले.

पुढचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. हे औषधं घेऊन वर आले. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग बाहीकडं. ह्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. मी माहूरहून परत आले त्या दिवशी त्यांनी पट्टी बघून एवढंच विचारलं होतं, "झालं मनासारखं?" आज तेही विचारलं नाही. शेजारी बसले.

मग डॉक्टर बाहेर आले. हातात एक लहान बाटली होती. म्हणाले, एवढीच काढली, बाकी काही काढलं नाही, टाके घातलेत. तपासायला पाठवतो, कळेपर्यंत मी पक्कं काही सांगणार नाही. पण तुम्ही बघून घ्या.

पाण्यासारख्या औषधात ती पडली होती. मधोमध कापलेली. पिकून काळ्या पडलेल्या जांभळासारखी, आतपर्यंत काळी.

"माझ्या अंदाजानं ही ती काजळी आहे," ते म्हणाले. "गोंदतात त्याच दिवसापासून थोडी थोडी शाई गाठीकडं जायला लागते. लेसरनं भुगा झाला तेव्हा उरलेली निघाली. त्यातली काही शरीरानं बाहेर टाकली असेल. बरीचशी इथवर आणली, आणि पुढं नेता आली नाही. इथंच राहिली."

अंग नेतं, पण नेतं कुठं. पाच वर्षांपूर्वी विचारलं होतं मी.

माझे हात कधी जोडले गेले ते मला कळलं नाही. बाटलीला मी नमस्कार केला, आणि वाकून कपाळ टेकवायला गेले तशी मागून एक नर्स हसली. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि ती गप्प झाली.

तपासणीचा निकाल यायला आठवडा लागला. तो आठवडा मी पुन्हा रोज मेले. डॉक्टरांचा अंदाज चुकतो, म्हणून तर तपासायला पाठवतात, असं मन म्हणायचं. कावेरीच्या हाताला पट्टी, म्हणून तिला भरवायचं, केस विंचरायचे. ती मजेत होती. तिला एवढंच सांगितलं होतं की जुन्या गोंदणाच्या शाईची गाठ असावी. डॉक्टरांना गोंदणाचं कुणी सांगितलं, हे तिनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी भाजी करपतेय म्हणून उठले.

शुक्रवारी मी जोगव्याला निघत होते तेव्हा ह्यांचा फोन वाजला. हे 'हो साहेब, हो साहेब' म्हणत अंगणात गेले. मी परडी धरून उंबऱ्यात उभी. हे परत आले. मोठा उतार उतरून गाडी थांबवल्यावर बसतात तसे ओट्यावर बसले. मग म्हणाले, "शाईच आहे. दुसरं काही नाही. साहेब म्हणाले, पोरीला बंदूक धरू द्या."

परडीतलं कुंकू माझ्या पायांवर सांडलं. मी उचललं नाही.

कावेरी आतून आली. माझ्याजवळ उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, बाही वर कर."

"कशाला?"

"डॉक्टर टाके बघायला आले होते ना, तेव्हा म्हणाले, तुझ्या आईचा हात बघ एकदा. मी आठवडाभर वाट बघतेय, तू आपणहून दाखवशील म्हणून."

मी बाही वर केली. ती खाली वाकली. मग डाव्या हातानं माझ्या पायावरचं कुंकू बोटाला लावून घेतलं आणि दोन्ही पावलांवर एकेक टिकली लावली. तिचे डोळे भरले होते, पण माझी लेक ती.

"उजव्याच हातावर घेतलंस?"

"देवाला डावं देत नाहीत."

"बरं झालं तू भरती झाली नाहीस," ती म्हणाली. "मेडिकलला काढलं असतं."

टाके निघाल्यावर ती निघाली. हदगावच्या स्टँडवर मी आणि हे तिला सोडायला गेलो. योगायोगानं गाडी ह्यांच्याच डेपोची होती. तिनं सॅक आत टाकली, दारात टाचा जुळवल्या आणि सलाम केला. हात सरळ कपाळापर्यंत गेला. कुठं अडला नाही.

गाडी हलली. ऊन डोक्यावर होतं, स्टँडवर गावच्या बाया होत्या, मथुरामायही होती. मी हात उंच करून हलवला. बाही मनगटावरून कोपरापर्यंत घसरली. मी ती परत ओढून घेतली नाही.